शेतावरील जुन्या इमारतीचे घर करण्यापूर्वी भूमीची परीक्षा

कृष्णाकाठच्या आमच्या एका सभासदांनी गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आम्हांकडे एक प्रश्न पाठविला. त्यांच्या मळ्यात वडिलांच्या वेळची सहा खणांची एक लांबट इमारत आहे. भिंती दगडमातीच्या, वर सिमेंटचे पत्रे. एका टोकास दोन खणांचा गोठा, मध्ये दोन खणांचे धान्याचे व खताचे कोठार, त्यास लागून एका खणाची औषधांची खोली, आणि दुसऱ्या टोकास पूर्वी ऑइल इंजिन बसविलेले होते तो खण. बैल गेले, इंजिन जाऊन विजेचा पंप आला, आणि इमारत रिकामी पडली. थोरल्या मुलाचे लग्न झाले असून गावातील घर आता अपुरे पडते. सूनबाई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या. त्या दिवाळीनंतर तान्हे मूल घेऊन परत यावयाच्या. तोपर्यंत ह्या इमारतीत फरशी टाकून, भिंतींना गिलावा करून चार खोल्या काढाव्या, असा सभासदांचा बेत होता. "भिंती भक्कम आहेत, पाया बसलेला आहे. फरशी किती लागेल आणि पत्रे ठेवावे की काढावे, एवढे कळवा," असे त्यांनी लिहिले होते.

आम्ही उलट टपाली विचारले की, औषधांच्या खोलीत आजवर काय काय ठेवीत असत, आणि महापुराचे पाणी इमारतीत किती चढले होते? ह्या प्रश्नांचे त्यांस नवल वाटले. घर बांधावयाचे तर भिंतीची व छपराची चौकशी करावी, जमिनीची कशाला, असे पुष्कळांस वाटते. परंतु आज अनेक मळ्यांवर असे गोठे व कोठारे रिकामी पडत आहेत आणि त्यांत मुलाबाळांचे, गड्यांचे किंवा पाहुण्यांचे राहणे सुरू होत आहे. सबब ह्या प्रश्नाचा विचार सर्व सभासदांच्या उपयोगासाठी येथे क्रमाने मांडीत आहोत.

छपराखालची जमीन शेताहून वेगळी का?

शेतात पडलेल्या औषधावर ऊन पडते, पाऊस पडतो, नांगर फिरतो आणि मातीतील सूक्ष्म जंतू आपले काम करीत राहतात. आपल्याकडील उष्णतेत डी.डी.टी. सारखे चिवट द्रव्यही उघड्या रानात थंड देशांपेक्षा लवकर झिजते. छपराखाली ह्यांपैकी काहीच घडत नाही. तेथे ऊन नाही, पाऊस नाही, नांगर नाही. माती कोरडी, दडपलेली आणि निर्जीव. शिवाय शेतात जे औषध एकरभर पसरते, तेच कोठारात पोते फाटून, डबा गळून, माप सांडून हातभर जागेत वर्षानुवर्षे साचत राहते. म्हणून शेत निर्दोष असूनही त्याच शेतातील खोलीची जमीन विषारी असू शकते.

दुसरा भेद राहणाऱ्याचा आहे. कोठारात माणूस दिवसातून घटकाभर जातो, तोही पायात वहाण घालून. घरात मनुष्य आठही प्रहर असतो. रात्री दार लावून निजतो. रांगते मूल जमिनीवरचा हात तोंडात घालते. घरची बाई मातीची भुई हाताने सारवते. गरोदरपणी माती खाण्याचे डोहाळे कित्येकींस लागतात, आणि भिंतीचा पोपडा काढून तोंडात टाकणे ही गोष्ट आपल्या घरांत अपरिचित नाही. जी जमीन गड्यास बाधली नाही ती बाळास बाधणार नाही, असे म्हणता येत नाही ते ह्याच कारणाने.

शेतीचे विष आणि घरचा संसार एकमेकांत मिसळले म्हणजे काय होते ह्याचे एक दारुण उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी दुपारचे जेवण घेतल्यानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे पिकावर फवारावयाचे औषध सापडले. तेथे प्रश्न जमिनीचा नव्हता. परंतु शेतीचे विष चुलीपर्यंत पोहोचावयास किती थोडी वाट पुरते, हे त्यावरून ध्यानी यावे.

तीन गोष्टींची साखळी

ह्या परीक्षेचे मूळ तत्त्व सोपे आहे. अपाय होण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: विषाचा उगम, विष वाहून नेणारी वाट, आणि ते ज्याच्या अंगी लागावयाचे तो जीव. तिन्ही असतील तरच धोका. यांतील एक कडी तुटली की साखळी तुटली. फरशीखाली खोल गाडले गेलेले आणि पाण्यास न लागणारे तांबे हा उगम असला तरी त्यास वाट नाही. उलट अंगणातील थोडेसे विष विहिरीस लागत असेल तर वाट मोठी आहे.

इंग्लंडात शेतीच्या इमारतींचे राहत्या घरांत रूपांतर करण्यास २०१४ साली नियमाने सुलभ मुभा देण्यात आली. तरीही त्या नियमात जमिनीच्या दूषिततेचा धोका तपासण्याचे कलम आवर्जून ठेवलेले आहे. आपल्याकडे घरासाठी कोणती परवानगी लागते हे तालुक्याच्या कचेरीत विचारून घ्यावेच. परंतु बिनशेतीचा कागद हाती आला म्हणजे माती शुद्ध ठरली, असे समजू नये. कागद जमिनीच्या उपयोगाविषयी बोलतो, तिच्या पोटात काय आहे ते सांगत नाही. ते काम मालकानेच करावयाचे आहे.

पहिली पायरी : इतिहासाची चौकशी

कुदळ हाती घेण्यापूर्वी तोंड व कान वापरावे. ह्या पायरीस पैसा लागत नाही आणि निम्मे उत्तर येथेच मिळते.

प्रथम सात-बाराचे जुने उतारे काढावे. गाव नमुना बारा ह्यात वर्षावर्षाची पिके नोंदलेली असतात, आणि पिकावरून औषधाचा तर्क करता येतो. कापूस असेल तर एकेकाळी डी.डी.टी., बी.एच.सी. व पुढे एन्डोसल्फान आलेच. भुईमूग व ऊस असेल तर हुमणी व वाळवी ह्यांसाठी बी.एच.सी. ची भुकटी किंवा आल्ड्रिन जमिनीत घातलेले असावयाचे. द्राक्षबाग असेल तर मोरचूद आणि कळीचा चुना ह्यांचे बोर्डो मिश्रण कालविण्याची एक ठराविक जागा असणारच. पूर्वी बियाण्यास पाऱ्याची भुकटीही चोळीत.

ह्यांपैकी पुष्कळ औषधे आता बंद आहेत. डी.डी.टी. चा शेतीतील वापर १९८९ साली मागे घेण्यात आला, बी.एच.सी. १ एप्रिल १९९७ पासून बंद झाले. एन्डोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. आल्ड्रिन व पाऱ्याची बीज-औषधे ह्यांवरही बंदी आहे. पण बंदीने दुकानातील विक्री थांबते. कोपऱ्यात उरलेले अर्धे पोते त्या दिवशी नाहीसे होत नाही. उलट ते विकता येत नाही म्हणून तेथेच पडून राहते, आणि पुढे त्याचे नावही कोणास आठवत नाही.

नंतर जुन्या गड्यांस, शेजाऱ्यांस व घरातील वृद्ध बायकांस विचारावे. मालकास जे ठाऊक नसते ते गड्यास ठाऊक असते. औषध कोठे कालवीत? पंप कोठे धूत? रिकामे डबे कोठे पुरीत वा जाळीत? एकेकाळी डबे पुरून टाकावे असाच उपदेश सर्वत्र केला जात असे, हे विसरू नये. मेलेली जनावरे कोठे पुरली? ह्या शेवटच्या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. काळपुळी, म्हणजे ज्यास आपण फाशी म्हणतो, त्या रोगाचे बीज मातीत दशकानुदशके जिवंत राहते. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळील ग्रुइनार्ड नावाच्या बेटावर १९४२ साली ह्या जंतूंचे युद्धप्रयोग झाले. ते बेट फॉर्मॅल्डिहाइड मिसळलेल्या समुद्राच्या पाण्याने भिजवून काढल्यावर १९९० साली निर्धोक जाहीर झाले. जेथे त्या रोगाने मेलेले जनावर पुरल्याची आठवण आहे तेथे पाया खणू नये; जनावरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तिसरा प्रश्न पुराचा. सांगली भागात २००५ व २०१९ साली महापूर आले. पुराचे पाणी कोठारात शिरले की पोती विरघळतात, डबे तरंगतात, आणि एका खणातील विष सहाही खणांत पसरते. म्हणून नदीकाठच्या इमारतीत "औषधांची खोली तेवढी सोडून द्या" एवढे म्हणून भागत नाही.

दुसरी पायरी : पाहणी

पाहणीस दिवसा जावे. दारे-खिडक्या आदल्या दिवशीच उघडून ठेवाव्या. पायात बूट, हातात रबरी मोजे, तोंडास चांगली पट्टी असावी. मुलांस बरोबर नेऊ नये. तेथे काही खाऊ-पिऊ नये, बिडीही ओढू नये. कोरडा झाडू मारू नये. धूळ उडते तीच घातक.

औषधांच्या खोलीत भुईवर पांढरट, पिवळट अथवा निळसर डाग, भिंतीच्या बुडाशी साचलेली भुकटी, फळ्यांवर झिरपलेले तेलकट ओघळ पाहावे. बी.एच.सी. ला एक कुबट वास असतो व तो वर्षानुवर्षे जात नाही. पण वास नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, डी.डी.टी. ला जवळजवळ वासच नसतो.

कोठारात धान्यास लावावयाच्या गोळ्यांच्या नळ्या व त्यांची राखाडी भुकटी शोधावी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची गोळी हवेतील ओलीने फुटून सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन नावाचा जालीम वायू सोडते. जुन्या गोळीचा वायू बहुधा उडून गेलेला असतो. खरा धोका पुढचा आहे. इमारतीच्या अर्ध्या भागात संसार थाटला आणि उरलेल्या अर्ध्या भागात धान्य ठेवून त्यास गोळ्या लावल्या, तर तो वायू भिंतीच्या फटींतून, पत्र्याखालच्या मोकळ्या जागेतून निजावयाच्या खोलीत येतो. म्हणून जेथे माणूस निजते त्या छपराखाली, भिंत मध्ये असली तरी, ह्या गोळ्यांचा वापर कदापि करू नये.

इंजिनाच्या खणात माती काळी व तेलकट असते. डिझेल खाली किती मुरले आहे हे पाहण्याची एक घरगुती युक्ती आहे. मूठभर माती काचेच्या पेल्यात पाण्यात ढवळावी. वर इंद्रधनुषी तवंग आला तर काडीने मोडून पाहावा. तवंगाचे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो बहुधा मातीतील लोहाचा. पुन्हा वाहून एक झाला तर तेलाचा. अशा मातीवर नुसती फरशी बसविली तर तेलाची वाफ सांध्यांतून वर येऊन बंद खोलीत साचते.

गोठ्याची गोष्ट निराळी. गोमूत्राने भिजलेल्या जमिनीत सोरा धरतो. पूर्वी सोरा काढणारे लोक जुन्या गोठ्यांची माती ह्याच कारणासाठी खरवडून नेत. हा क्षार भिंतीत चढला म्हणजे लोणा लागून गिलावा सुटतो. ती पैशाची हानी होय, विषबाधा नव्हे. पण तोच क्षार झिरपून विहिरीत गेला तर प्रश्न तान्ह्या मुलाच्या जिवाचा होतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे अशी आपल्याकडील मर्यादा आहे. त्याहून अधिक असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून सहा महिन्यांच्या आतील मुलास पाजले तर त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होऊन अंग निळे पडते. हे पाणी उकळून शुद्ध होत नाही. उलट पाणी आटते आणि क्षार तेवढाच राहतो.

छपराचे जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. पत्रा अखंड आहे तोवर भय थोडे. तो कापला, भोके पाडली, कोरडा घासला की त्याचे अदृश्य तंतू हवेत उडतात, आणि ते फुप्फुसात गेल्याचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतो. कित्येकांच्या ध्यानात न येणारी जागा म्हणजे वळचण. जीर्ण पत्र्यांवरून पागोळ्या गळतात त्या रेषेत हे तंतू मातीत साचत जातात, आणि नेमके तेथेच पुढे मुलांचे खेळणे व परसातील भाजीचे वाफे असतात.

शेवटी पेव. आपल्या भागात जुन्या कोठाराशेजारी पेव असणे नवल नाही; सांगलीजवळचे हरिपूर तर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्धच होते. पेवात कार्बन डायऑक्साइड वायू साचून उतरलेला माणूस वर न आल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत. दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही. दिवा विझला तर प्राणवायू नाही हे कळते. पण कुजल्यापासून होणारा दुर्गंधी विषारी वायू असेल तर दिवा जळत राहूनही माणूस पडतो, आणि गोबर गॅससारखा जळणारा वायू असेल तर दिव्यानेच स्फोट होतो. पेवात वा जुन्या शेणखड्ड्यात उतरूच नये. आणि उतरलेला पडला तर त्याच्यामागे दुसऱ्याने दोराशिवाय उडी घेऊ नये.

तिसरी पायरी : मातीचे नमुने

चौकशी व पाहणी झाल्यावर इमारतीचा व अंगणाचा एक साधा नकाशा कागदावर काढावा. त्यात खण, दारे, मोरी, विहीर, पेव, उतार आणि डाग दाखवावे. प्रत्येक संशयित जागेपुढे तीन गोष्टी लिहाव्या: काय आहे, कोणत्या वाटेने जाईल, कोणास लागेल. जेथे तिन्ही रकाने भरले, तेथून नमुना घ्यावा.

येथे कास्तकार एक चूक हमखास करतो, आणि ती त्याच्या चांगल्या सवयीतून होते. पिकासाठी मातीपरीक्षा करताना शेताच्या अनेक जागांची माती एकत्र कालवून एक नमुना करावा, असे आम्हीच त्यास शिकविले आहे. दूषिततेच्या परीक्षेत नेमके हेच करावयाचे नाही. समजा, नऊ जागांपैकी आठ निर्दोष आहेत आणि नवव्या जागी विषाचे ९० भाग आहेत. नऊही मातींचा एक काला केला तर प्रयोगशाळेस १० भागच दिसतील, आणि निजावयाच्या कोपऱ्यातील ९० भाग कागदावरून लोपतील. म्हणून प्रत्येक जागेचा नमुना वेगळा घ्यावा. वरची दोन इंच माती एक, एक फुटाखालची दुसरी, दोन फुटांखालची तिसरी. त्यावरून विष वरवर आहे की खोल मुरले, हे समजते. शिवाय मळ्यातील एखाद्या स्वच्छ जागेचा एक नमुना तुलनेसाठी अवश्य घ्यावा. प्रत्येक नमुन्यानंतर खुरपे धुऊन पुसावे. माती रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत भरावी. तेल व कीटकनाशके प्लास्टिकला चिकटतात. बरणी काठोकाठ भरून थंड जागी ठेवावी व शक्य तितक्या लवकर पोहोचवावी.

दुसरी चूक प्रयोगशाळेची निवड करताना होते. जमिनीची आरोग्यपत्रिका १२ बाबी सांगते. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब व काही सूक्ष्म द्रव्ये येतात. त्यांत बी.एच.सी. नाही, डिझेल नाही, पारा नाही. "माती उत्तम" असा शेरा आला तर तो पिकासाठी आहे, पाळण्यासाठी नव्हे. कीटकनाशकांचे अंश तपासणारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा शोधावी आणि आपल्या चौकशीवरून कोणती द्रव्ये पाहावयाची ते तिला लिहून द्यावे. जे विचारले नाही ते प्रयोगशाळा सांगत नाही. पहिल्या पायरीचा उपयोग येथे दिसून येतो, कारण प्रत्येक द्रव्याच्या तपासणीस वेगळा पैसा पडतो, आणि नेमके काय शोधावयाचे हे ठाऊक असणाराच तो वाचवू शकतो.

चौथी पायरी : निर्णय व उपाय

उपायाचे मार्ग तीनच: उगम काढून टाकणे, वाट बंद करणे, किंवा राहणाऱ्यास दूर ठेवणे.

उगम काढावयाचा तर डाग पडलेली माती पाणी शिंपडून, धूळ न उडू देता, स्वच्छ थर लागेपर्यंत खणून जाड पिशव्यांत भरावी. मोडक्या घराची माती शेतास खत म्हणून नेण्याची आपली जुनी चाल आहे; गोठ्याच्या मातीस ती लागू करावी, औषधाच्या खोलीच्या मातीस कदापि नाही. ही माती, जुनी औषधे व डबे ओढ्यात टाकू नयेत, बांधावर पुरू नयेत, जाळू नयेत. त्यांची विल्हेवाट कशी लावावी हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कचेरीत विचारावे. औषध झिरपलेल्या फळ्या व तुळया चुलीत घालू नयेत. त्यांचा धूर म्हणजे तेच विष, फक्त हवेच्या वाटेने. जमीन पाण्याने धुऊन काढण्याचा मोहही आवरावा. ते पाणी उतारास विहिरीकडेच जाते.

वाट बंद करावयाची तर मातीवर मुरूम, त्यावर जाड अखंड प्लास्टिकचा पडदा आणि त्यावर काँक्रीट घालावे. मातीत उरलेल्या अल्प अंशास हा उपाय पुरतो. पण पुढे कोणी नळासाठी ती भुई फोडली तर उपाय संपला, म्हणून त्याची नोंद घराच्या कागदांत ठेवावी. पेव मुरमाने थराथराने ठोकून भरावे. त्यात केरकचरा, पाचट वा शेण घातल्यास ते कुजून पुन्हा वायू होतो आणि जमीन खचते.

ह्या दोन्ही मार्गांनी भागत नसेल तर तिसरा मार्ग पत्करावा. काही खोल्या राहण्यास घेऊच नयेत. हा सर्वांत स्वस्त उपाय असूनही मनास सर्वांत जड जातो.

सभासदांच्या इमारतीचे काय झाले

आमच्या सभासदांनी प्रथम थोडी नाराजी दाखविली. "वडील त्याच खोलीत दुपारचे निजत, त्यांस ऐंशी वर्षे आयुष्य लाभले," असे त्यांनी लिहिले. आम्ही उत्तर दिले की, वडील दुपारी निजत, बाळ अहोरात्र राहील. आणि वडील तेथे माती खात नव्हते. त्यानंतर मात्र त्यांनी प्रत्येक पायरी मनापासून केली. त्यांच्या जुन्या गड्याने सांगितले की, २००५ च्या पुरात औषधांच्या खोलीत कमरभर पाणी होते आणि "दहा टक्के पावडरीची" पोती कोठाराच्या खणात वाहून आली होती. नमुन्यांत औषधांच्या खोलीत व तिच्या शेजारच्या कोठाराच्या खणात बी.एच.सी. व डी.डी.टी. चे अंश आढळले. इंजिनाच्या खणात डिझेल खोलवर मुरलेले होते. गोठ्याचे दोन्ही खण ह्या औषधांपासून मुक्त निघाले. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक होते.

आम्ही दिलेला सल्ला येणेप्रमाणे: गोठ्याची दीड फूट माती काढून शेतात घालावी आणि तेथे दोन खोल्या कराव्या. उरलेल्या दोन खोल्या कोठाराकडे न वाढविता गोठ्याच्या पलीकडे, परीक्षा करून निर्दोष ठरलेल्या जमिनीवर नव्या बांधाव्या. कोठार, औषधांची खोली व इंजिनाचा खण ह्यांची दूषित माती काढून, वर काँक्रीट घालून, ते कुलपाखाली केवळ अवजारांसाठी ठेवावे. गोठ्याकडील भिंत पत्र्यापर्यंत बांधून बंद करावी, आणि त्या बाजूस औषध, धान्य वा गोळ्या कधीही ठेवू नयेत. राहत्या भागावरचे पत्रे न फोडता, ओले करून, अखंड उतरवावे. वळचणीची माती काढावी. पिण्याचे पाणी तपासलेल्या दुसऱ्या ठिकाणाहून आणावे.

खर्च वाढला आणि दिवाळीचा मुहूर्त चुकला. सूनबाईंस माहेरी आणखी दोन महिने राहावे लागले, आणि त्यावरून व्याह्यांकडून थोडे बोलणेही ऐकावे लागले, असे सभासदांनी मोकळेपणाने कळविले. संक्रांतीस ते तिळगूळ घेऊन आमच्या कचेरीत आले तेव्हा म्हणाले, "फरशी किती लागेल हे विचारावयास आलो होतो, ती निम्मीच लागली." मूल आता नव्या खोलीत रांगू लागले आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

सभासदांनी आपापल्या इमारतीसमोर उभे राहून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढावी.

१. गेल्या पन्नास वर्षांत ह्या छपराखाली काय काय साठविले, कालविले, सांडले वा गळले?
२. उतार कोणीकडे आहे, आणि विहीर त्या उताराच्या वर आहे की खाली?
३. पुराचे वा पावसाचे पाणी कधी आत शिरले होते काय, आणि किती चढले होते?
४. डबे, जनावरे, राख ह्यांपैकी काय कोठे पुरले आहे, आणि हे सांगू शकणारा माणूस आज हयात आहे काय?
५. जेथे पाळणा टांगावयाचा आहे त्या जागेखालची माती आपण हातात घेऊन पाहिली आहे काय?

चौथ्या प्रश्नातील माणूस हयात असेल तर ह्याच आठवड्यात त्याच्याकडे जावे. माती प्रयोगशाळेत केव्हाही धाडता येईल. परंतु माणसाची आठवण त्याच्याबरोबरच जाते.